सहा ठोकळ्यांचा वानवळा

भोर, माघ शुद्ध तृतीया
(तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात बुधवार)

तीर्थस्वरूप शरच्चंद्र दाजी यांना विद्याधरचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण उजवा गुडघा महिनाभर संपावर आहे, तेव्हा आठांपैकी जी अंगं हजर आहेत त्यांच्या वतीने स्वीकारावा. सुलूताईची साखर कशी आहे? पेढा समोर आला की ‘अर्धाच’ म्हणून दोनदा अर्धा घ्यायची तिची पद्धत बंद झाली की नाही? तुमचं पहाटेचं फिरणं चालू असेलच. तुम्हाला साताऱ्याची थंडी मानवते, आम्हाला भोरची नुसती सहन होते. इकडे सर्व क्षेम. शाळेत मी मुलांना संस्कृत शिकवतो आणि मुलं मला सहनशीलता शिकवतात. त्यांची प्रगती जरा मंद आहे, माझी उत्तम. हे सगळं मोबाईलवरही लिहिता आलं असतं, पण चार ओळींच्या वर गेलेल्या मजकुराला तुम्ही जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून मोकळे होता, आणि मला जे सांगायचं आहे ते हात जोडून संपण्यातलं नाही.

वेल्ह्याच्या पलीकडे, पासलीच्या वाटेवर आमच्या देवीचं ठाणं आहे, ते तुम्ही पाहिलं आहे (लग्नानंतर जोडीने गेलात तेव्हा पायरीवरून घसरला होतात, तेच). मी तिथला विश्वस्त आहे. वडील होते म्हणून मी आहे, यापलीकडे माझी पात्रता कोणी तपासलेली नाही. अलीकडे सुट्टी आली की गड चढायला येणाऱ्यांच्या गाड्यांची देवीच्या वाटेवर रांग लागते आणि त्या सरळ भातखाचरांत उभ्या राहतात. बांध फुटतात, शेतकरी ओरडतात, आणि पाहुणे अत्यंत सभ्यपणे विचारतात की इथे गाडी लावू नये असं कुठे लिहिलं आहे का. म्हणून देवस्थानने गाड्यांसाठी काँक्रीटची इमारत बांधायला घेतली. जागा उताराची असल्यामुळे रचना सोपी आहे: स्लॅब रस्त्याच्या पातळीला, गाडी रस्त्यावरून थेट स्लॅबवर, स्लॅबखाली दुचाक्या, आणि सगळं नीट झालं तर डोक्यावर आणखी एक मजला. मुंबईच्या एका देणगीदाराने खर्च उचलला, पण अट घातली की देखरेख विश्वस्ताची आणि तपासणी त्रयस्थाची. दिवाळीच्या सुट्टीत रिकामा असलेला विश्वस्त मी एकटाच. मला काँक्रीटमधलं काय कळतं, असं कोणी विचारलं नाही. अध्यक्ष म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं आहे.

त्रयस्थ म्हणून पुण्याहून शेफालीबाई नावाच्या इंजिनिअर येऊ लागल्या. वय तिशीच्या आत, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, हातात हातोडी, आणि मनात मनुष्यजातीविषयी एक शांत, निर्वैर अविश्वास. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं सांगितली आहेत. पैकी शब्द हे प्रमाण बाईंना मुळीच मान्य नाही (माझा शब्द तर नाहीच). त्यांचं स्वतःचं एक पाचवं आहे, त्याला ठोकळा म्हणतात. स्लॅबमध्ये जो माल ओतायचा (काँक्रीटला तिथे सगळे मालच म्हणतात), त्यातलाच थोडा घेऊन लोखंडी साच्यांत भरायचा, दुसऱ्या दिवशी ठोकळे काढून पाण्यात ठेवायचे आणि मग पुण्याच्या प्रयोगशाळेत नेऊन यंत्राखाली चिरडायचे: काही ठोकळे एका आठवड्याने, उरलेले महिन्याने. ठोकळा किती दाबाला फुटला यावरून स्लॅबची ताकद कळते. एवढ्या जपून वाढवलेल्या गोष्टीचा शेवट चिरडण्यात व्हावा याचं मला वाईट वाटलं, पण दहावीच्या परीक्षेची व्यवस्थाही साधारण अशीच असल्यामुळे मी बोललो नाही.

काम करणारी माणसं पासलीची, मुकादम गेनबा. साठीला टेकलेला, भातशेतीवाला, बांधकामावर अर्धं आयुष्य गेलेला आणि बोलण्यात कोणाला न हरणारा. त्याची बायको सखूबाई स्लॅबला पाणी देण्याचं काम बघते. दाजी, बाकी सगळं विसरलात तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. हा स्लॅब पास झाला तर वरच्या मजल्याचं काम गेनबाच्याच टोळीला मिळायचं ठरलं होतं, म्हणजे पावसापर्यंत पासलीतल्या कोणालाच मजुरीसाठी पुण्याला जाऊन पत्र्याखाली झोपायची गरज नव्हती. नापास झाला तर स्लॅब फोडायचा आणि टोळी घरी.

स्लॅबच्या दिवशी शेफालीबाईंची गाडी नसरापूरच्या अलीकडे बंद पडली. इकडे मिक्सर फिरायला लागलेला, माल थांबत नाही. त्यांचा फोन आला. वेल्ह्याकडच्या रेंजचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. वाक्यातलं दर तिसरं पद ती स्वतःकडे ठेवून घेते. मला एवढं कळलं की सहा साचे भरायचे, माझ्यासमोर भरायचे, आणि ठोकळे पुण्याला पाठवायचे. तेवढं मी गेनबाला सांगितलं. गेनबाने मुंडासं नीट केलं आणि विचारलं, “पुन्याला धाडायचं? आपलं नाव लावून?” मी म्हटलं, नाव, गाव, तारीख सगळं लावून. “मंग थांबा जरा,” म्हणाला.

आता तुम्ही साताऱ्याचे, तुम्हाला वानवळा काय ते सांगायला नको. त्याच आठवड्यात गेनबाने आमच्या घरी नव्या तांदळाचा वानवळा आणून दिला होता. पिशवीत खडा नाही, कणी नाही; सखूबाईने तीनदा पाखडलेला. घरी ते काय खातात ते मी पाहिलं आहे, त्यात कणी भरपूर असते. पण दुसऱ्याच्या घरी शेतातलं काही पाठवायचं तर निवडून पाठवायचं, ही इकडची रीत. तर ओतत्या मिक्सरकडे पाठ करून गेनबाने साच्यांसाठी बाजूला एक स्वच्छ घमेलं घेतलं. खडी धुतली. वाळू दोनदा चाळली. सिमेंट घातलं, थोडं थांबला, आणि पुरणपोळीवर तूप सोडताना आमच्या आईचा हात जसा पुन्हा एकदा जायचा तसा त्याचा हात पुन्हा एकदा गेला. आणि दाजी, देखरेख करणारा मी काय करत होतो? मी त्याच्या शेजारी उकिडवा बसून (तेव्हा गुडघा कामावर होता) चपटे खडे बाजूला काढत होतो. एक छान गोल खडा सापडला तो मी त्याला आपणहून दिला. मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. उलट, या मंडळींना गावाच्या अब्रूची केवढी जाण, अशा आशयाचा एक विचार माझ्या मनात येऊन गेला.

पुढची व्यवस्था सखूबाईने हातात घेतली. ठोकळे पाण्याच्या टाकीत ठेवले, उन्हासाठी वर गोणपाट. स्लॅबवर तिने ओल्या मातीचे बांध घालून चौकोन केले आणि त्यांत पाणी भरलं. भाताची खाचरंच ती, फक्त रोप लावायचं राहिलं होतं. (चौथ्या दिवशी एका चौकोनात बेडूक आला आणि राहिला.) ठोकळे पुण्याला निघाले तेव्हा तिने प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, वाकळेत गुंडाळलं आणि पप्पू जीपवाल्याला दम दिला, “खड्ड्यातून हळू ने रं, पावने हायत.” प्रयोगशाळेच्या अहवालात पुढे शेरा आला: पृष्ठभागावर तांबडा व पिवळा डाग, कारण अज्ञात.

निकाल आला तेव्हा देवळात पेढे वाटले गेले. अपेक्षा तीसची होती, ठोकळे अठ्ठावन्नला फुटले. अध्यक्षांनी मला शाल दिली. मी ठोकळ्यांवर एक अनुष्टुभ छंदातला श्लोक केला आणि अहवालाला जोडण्यासाठी शेफालीबाईंना देऊ केला. त्या श्लोक न वाचता खाली बसल्या. म्हणाल्या, “सर, हा माल अठ्ठावन्न देऊच शकत नाही. साच्यांत काय भरलंत?” मी काही तर्कशुद्ध उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात गेनबाने अभिमानाने सगळं सांगून टाकलं. धुतलेली खडी, चाळलेली वाळू, वरचं सिमेंट. माझा गोल खडासुद्धा त्याने सोडला नाही.

“अहो गेनबा, पण मला स्लॅबमधलाच माल हवा होता!”

“त्यो बी देतो की. पर त्यो रोजचा हाय बाई, त्यात काय बगायचं?”

“तेच तर बघायचं असतं!”

“आता काय सांगावं,” गेनबा माझ्याकडे वळून म्हणाला, “गुर्जी, तुमीच सांगा. पुन्याच्या मान्साला वानवळा धाडायचा आन् त्यात कणीकोंडा घालायचा व्हय? आमाला काय रीत न्हाई?”

बाईंनी बराच वेळ डोकं धरलं. सखूबाईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि त्यांच्या केसांवरून हात फिरवला, त्यावर बाई आणखीच हताश झाल्या, कारण रागावायला समोर कोणी शिल्लकच राहिलं नाही. मग त्यांनी निर्णय दिला: ठोकळे रद्द. आता खुद्द स्लॅबमधून तुकडे काढून तपासायचे. ते कमी भरले तर स्लॅब फोडायचा. गेनबाचा चेहरा प्रथमच उतरला. फसवणूक हा शब्द बाईंनी उच्चारला नव्हता, पण तो कसा कोण जाणे त्याच्या कानापर्यंत पोचला. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि मला भाकरी आग्रहाने वाढली, ते जास्त लागलं.

तुकडे काढणारं यंत्र म्हणजे एक दातेरी नळकांडं. ते पाणी उडवत गरगरत खाली जातं आणि काँक्रीटचा वरवंट्याएवढा गोल तुकडा घेऊन वर येतं. गेनबा स्लॅबकडे पाठ करून उभा राहिला. पहिला तुकडा निघाला: घट्ट, एकजीव, खडी सारखी पसरलेली. दुसरा तसाच. गेनबाने मान थोडी वळवली. तिसरा कोपऱ्यातला. यंत्राचा आवाज मध्येच बदलला, काहीसा घरगुती झाला. तुकडा वर आला. वर राखाडी, खाली राखाडी, आणि मध्ये तपकिरी कड असलेलं एक पांढरं वर्तुळ. बाईंनी वाकून वास घेतला.

“सर,” त्या म्हणाल्या, “हे खोबरं आहे.”

दाजी, स्लॅबच्या सकाळी पूजा मीच सांगितली होती. बाकीचे लोक नारळ फोडतात आणि खातात. मला वाटलं, वास्तूला अभंग श्रीफळ असावं, म्हणून मी तो कोपऱ्यात सळयांच्या जाळीवर अखंड ठेवला. माल येण्याआधी तो उचलायचा होता. पण पूजेचा नारळ ज्याने मांडला त्यानेच हलवायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही, हे टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक. आणि ज्याने मांडला तो त्या वेळी घमेल्याशेजारी बसून खडे निवडत होता. त्यांनी मला हाकही मारली म्हणे. मी ‘आलो, आलो’ म्हणालो आणि मग माल आला. तो त्यांनी नारळाभोवती इतक्या भक्तिभावाने ओतला की शेंडीसुद्धा वाकली नाही.

पुढचे दोन दिवस मी स्लॅबवर रांगत काढले. ‘आणखी किती आहेत?’ या प्रश्नाला मी ‘एकच’ असं उत्तर दिलं होतं, परंतु शब्दप्रमाणाचं बाईंना वावडं आहे हे मी वर लिहिलंच आहे. त्या पुढे हातोडीने ठोकत जायच्या आणि मी कान लावून आवाज पोकळ आहे की भरीव ते सांगायचं, अशी आमची जोडी सगळ्या स्लॅबभर फिरली. गुडघ्याचा संप तेव्हापासूनचा. गेनबा मात्र पुन्हा जेवू लागला. अपराधी एकाचे दोन झाले की पहिल्याला केवढा आधार वाटतो, हे मी जवळून पाहिलं.

तुकड्यांचे निकाल आले, आणि गेनबाचा रोजचा माल, कणीकोंड्यासकट, तीसच्या वर निघाला. (“मंग वानवळा मागितलाच कशाला?” हा त्याचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.) कोपरा फोडून, नारळ विधिपूर्वक काढून, तिथे सिमेंटचा खास मसाला भरला. एवढ्यावर बाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी त्या कोपऱ्यावर वाळूच्या पोत्यांची रास रचली, खाली काटा लावला आणि स्लॅब किती वाकतो ते बघत बसल्या. रात्रभर पोती राहिली. दुसऱ्या दिवशी काढली तेव्हा काटा जवळजवळ होता त्या जागी परत गेला. बाईंनी सही केली. गेनबाचे हात धरून म्हणाल्या, “मुकादम, स्लॅब चांगला आहे तुमचा.” गेनबा टाकीमागे गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

इथे हे पत्र संपायला हवं होतं. पण नारळाची बातमी वेल्ह्याच्या बाजारात बाईंच्या सहीच्या आधी पोचली. आता तालुक्यात त्याला नारळाचा स्लॅब म्हणतात. कोणी म्हणतं पाच आहेत, कोणी म्हणतं तोरण आहे. एकही वाहन वर चढायला तयार नाही. पप्पूला मी स्वतः विनवलं. तो म्हणाला, “गुर्जी, तुमच्यावर इस्वास हाय. पर जीप माजी हाय.” गड चढायला येणारे त्याला विचारतात आणि पुन्हा खाचरांत जातात. स्लॅबवर सध्या सखूबाईची नाचणी वाळते आणि दोन शेळ्या बसतात. त्यांची तक्रार नाही. गेनबाने सबंध टोळी वर उभी करून उड्या मारून दाखवल्या, तर लोक म्हणाले, माणसं हलकी असतात. आणि काल अध्यक्षांनी सांगितलं की खालचा स्लॅबच कोणी वापरत नसेल तर वरचा मजला कशाला? येत्या रविवारपर्यंत वाट बघू, मग टोळीला रजा. पासलीच्या दोघांनी पुण्याला जायची पिशवी भरून ठेवली आहे.

असो. रविवारी देवीला अभिषेक आहे. तुम्ही आणि सुलूताई किती वर्षांत आला नाहीत. माहेरच्या देवीला येणं तिला बरं वाटेल, आणि पायऱ्यांना आता कठडा केला आहे. लिहिण्यासारखं होतं ते लिहून झालं. मागण्यासारखं थोडं सहीच्या खाली लिहितो, कारण सहीच्या वर ते मला लिहवेना.

आपला मेहुणा,
विद्याधर

ता. क. एसटीने येण्याचा साधेपणा करू नका. तुमची ती नवी काळी गाडी आणा, जिचं वजन तुम्ही आमच्या चिंटूच्या मुंजीत प्रत्येक पंगतीला सांगत होता. रस्त्यावरून थेट स्लॅबवर घ्यायची आणि अभिषेक होईपर्यंत तिथेच ठेवायची, एवढंच. साताऱ्याच्या पाहुण्यांची गाडी दिवसभर उभी दिसली की पप्पू येईल, आणि पप्पू आला की सगळे येतील. जागा पांढऱ्या पट्ट्यांनी आखून ठेवली आहे. ती कोपऱ्यातच का, असं विचारू नका. शेफालीबाईंनी सही केलेली आहे आणि मला तिळमात्र शंका नाही.

ता. क. दुसरा. गाडी वर चढताना गेनबा आणि सखूबाई स्लॅबखाली उभे राहणार आहेत. मी नको म्हटलं. गेनबा म्हणाला, “म्या केलाय त्यो, म्या नाय तर कोन ऱ्हानार?” शेफालीबाईही त्यांच्याबरोबर खाली थांबणार आहेत. माझीही फार इच्छा होती, पण गाडीला ओवाळण्यासाठी तबक घेऊन कोणीतरी रस्त्यावर हवं.

ता. क. तिसरा. सुलूताईला माझ्यापाशी रस्त्यावरच उतरवा. तबक जड आहे.